ग्राहकांचे शेरे : किती खरे, किती पेरलेले?

पूर्वी एस.टी. स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीशी तक्रारवही असायची, आणि पुष्कळ ठिकाणी ती दोरीने बांधलेली असायची. त्या वहीत लिहिणारा माणूस सहसा संतापलेला असे. ज्याची गाडी वेळेवर सुटली, तो लिहायला थांबेल कशाला? तेव्हा ती वही वाचून कोणी असे ठरवले असते की महामंडळाची एकही गाडी वेळेवर सुटत नाही, तर आपण त्याला हसलो असतो. आज तशीच वही प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आली आहे. मिक्सर, मोबाइल, लॉज, डॉक्टर, बेकरी, शाळा अशा साऱ्यांविषयी तिच्यात शेरे आहेत. दोरी मात्र सुटली आहे, आणि संतापलेल्या माणसांच्या जोडीला पैसे घेऊन लिहिणारेही तिच्यात घुसले आहेत. गंमत अशी की आता त्या वहीला कोणी हसत नाही. उलट तिच्या भरवशावर लोक हजारो रुपयांची खरेदी करतात.

प्रस्तुत लेखकाचा धंदा मिक्सर, पंखे आणि इस्त्री दुरुस्तीचा. शेरे लिहिणे ही हौस. त्याचे कोणी पैसे देत नाही, आणि दिले तर घ्यायचे नाहीत असे ठरवले आहे. लिहिता लिहिता दुसऱ्यांचे शेरे बारकाईने वाचण्याची सवय लागली. आता गल्लीतली मुले दुकानावर येऊन विचारतात, "चाचा, हा घेऊ का?" आणि मोबाइल पुढे धरतात. मी वस्तूच्या आधी शेरे बघतो. लोकांचा समज असा, की मी तारे मोजतो. खरे म्हणजे ताऱ्यांकडे मी जवळजवळ लक्षच देत नाही.

त्याचे कारण तक्रारवहीसारखेच आहे. हू, पाव्लू आणि झांग या तीन अभ्यासकांनी २००९ साली दाखवून दिले की इंटरनेटवरच्या बहुतेक वस्तूंच्या शेऱ्यांचा आलेख इंग्रजी जे अक्षरासारखा दिसतो. पाच ताऱ्यांची रास उंच, एका ताऱ्याची लहान रास, आणि मधले दोन-तीन तारे जवळपास ओस. वस्तू घेऊन 'ठीक आहे' म्हणणारा जो फार मोठा वर्ग असतो, तो लिहितच नाही. फार खूश झालेला लिहितो किंवा फार चिडलेला. अशा दोन टोकांची सरासरी काढून ४.३ आणि ४.१ यांत डावे-उजवे करणे म्हणजे उकळते पाणी आणि बर्फ यांची सरासरी काढून आंघोळीला बसणे होय.

तारे बाजूला ठेवले, तर मग बघायचे काय? याचे उत्तर मला माझ्याच चुकीतून मिळाले, म्हणून ती चूक इथे सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी घरासाठी साडेसातशे वॅटचा एक मिक्सर मागवला. आठवडाभर वापरला. ओल्या नारळाची चटणी, थोडे आले-लसूण, एकदा डाळीचे पीठ. मोटरचा आवाज गोड, जार घट्ट, दिसायला देखणा. मी पाच तारे दिले आणि झकास शेरा लिहिला. दुरुस्ती करणारा माणूस आहे हेही मोठ्या तोऱ्याने नमूद केले. तो शेरा वाचून माझ्या थोरल्या चुलत बहिणीने, आम्ही तिला आपा म्हणतो, तोच मिक्सर घेतला. आपा घरी मसाला करून विकते. सुकी मिरची, धणे, हळकुंडे. हळकुंड ही वस्तू मोटरचा दम काढणारी आहे. अशा बहुतेक मिक्सरच्या पुस्तिकेत काही मिनिटे चालवा आणि मग थांबा असे लिहिलेले असते. आपाच्या हातात सकाळच्या ऑर्डरी होत्या, थांबणार कोण? तळाचे लाल बटण आधी दिवसातून एकदा पडायचे, मग पाचदा पडू लागले. दोन महिन्यांत वाइंडिंग जळाले. वॉरंटी घरगुती वापरापुरती होती, धंद्याचा वापर तिच्यात बसत नव्हता. ऐन लग्नसराईच्या ऑर्डरी हातच्या गेल्या आणि नवी मोटर पदरची घालावी लागली.

आपा दुकानात आली, तेव्हा भांडली नाही. मिक्सर टेबलावर ठेवून एवढेच म्हणाली, "अरे, तू लिहिलं होतंस म्हणून घेतला."

माझ्या शेऱ्यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरी तो शेरा खोटा होता. किती दिवस वापरला, कशासाठी वापरला, हे त्यात नव्हते. सात दिवसांची ओळख मी सात वर्षांच्या शेजाऱ्यासारखी लिहिली होती. तेव्हापासून माझी पहिली कसोटी ठरून गेली आहे. शेरा ही साक्ष आहे. साक्षीदाराने आधी सांगावे की तो कुठे उभा होता, किती वेळ उभा होता आणि त्याने डोळ्यांनी काय पाहिले. वस्तू चांगली की वाईट हा निवाडा त्याने नाही केला तरी चालेल. तो मी करीन, कारण माझी गरज मला ठाऊक आहे.

या कसोटीला उतरणारे शेरे बहुधा ओबडधोबड असतात. एखादी गृहिणी लिहिते की सहा महिन्यांनी लहान जारच्या बुशमधून काळे तेल येऊ लागले, कपलरचे दात झिजले, आणि तो कपलर आमच्या तालुक्यात मिळाला नाही. तीन ओळी, व्याकरणाची बोंब, तारे तीन. पण त्या बाईने तो मिक्सर खरोखर वापरला आहे याविषयी मला शंका राहत नाही. बुश गळते हे कंपनीच्या जाहिरातीत लिहिलेले नसते आणि कपलर न मिळाल्याचा मनस्ताप खोलीत बसून सुचत नाही. याउलट ज्या शेऱ्यात मोटरचे वॅट, जारचे लिटर, पात्यांचे स्टील हे सारे खोक्यावरच्या क्रमाने येते, त्याच्या लेखकाने बहुधा खोकेच वाचलेले असते.

या बाबतीत अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०११ साली केलेला प्रयोग वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यांनी शिकागो शहरातील वीस हॉटेलांविषयी प्रवाशांनी लिहिलेले चारशे खरे शेरे जमवले. मग प्रत्येकी एक डॉलर देऊन त्याच हॉटेलांविषयी चारशे खोटे शेरे लिहवून घेतले. दोन्ही प्रकारचे शेरे माणसांना वाचायला दिले, तेव्हा खरे-खोटे ओळखण्यात माणसे नाणे उडवून निर्णय घ्यावा त्याहून फारशी सरस ठरली नाहीत. संगणकाने मात्र शब्द मोजून सुमारे नव्वद टक्के अचूक निवाडा केला. संगणकाला काय दिसले? खऱ्या शेऱ्यांत जागेचे तपशील जास्त होते : न्हाणीघर, मजला, खोली लहान, अमुक ठिकाण. खोट्या शेऱ्यांत 'मी', 'माझे' जास्त, कौतुकाची विशेषणे जास्त, आणि कोणाबरोबर व कशासाठी गेलो याची कहाणी जास्त. जो गेलाच नाही तो न्हाणीघराचे दार कुठल्या बाजूला उघडते हे कसे सांगणार? तो आपल्या सहलीची गोष्ट सांगतो.

या प्रयोगाने माझी खात्री वाढली, तसा धीरही खचला. ज्या माणसांना ओळखता आले नाही, त्यांच्यात आणि माझ्यात फरक तो काय? दुकानावर बसून मी ज्या शेऱ्यांना बेधडक 'पेरलेला' म्हणतो, त्यांतले काही एखाद्या भोळ्या, उत्साही माणसाचे असणारच. म्हणून हल्ली मी 'खोटा' हा शब्द वापरत नाही. 'याने मला काही सांगितले नाही' असे म्हणतो आणि पुढे सरकतो. निरुपयोगी शेरा खरा असला काय किंवा खोटा असला काय, ग्राहकाला सारखाच.

आता आवडीनिवडीचे थोडे. तीन ताऱ्यांचे शेरे मी आधी वाचतो. त्यांत माणूस दोन्ही बाजू बोलतो. पण याचाही आता गवगवा झाला आहे, आणि धूर्त लेखक पाच ताऱ्यांच्या स्तुतीत एखादा निरुपद्रवी दोष मिठासारखा पेरतो. वायर थोडी आखूड आहे, बाकी उत्तम! वायरचा दोष दिसला की मला हसू येते. एका शब्दाचे 'नाइस', 'गुड', 'बेस्ट' असे शेरे मी मोजतसुद्धा नाही. गुगलच्या नकाशावर शेरे लिहिणाऱ्यांना २०१५ पासून गुण आणि पायऱ्या मिळू लागल्या. त्या पायऱ्या चढण्यासाठी लोक रस्त्यात दिसेल त्या पेट्रोल पंपाला, मशिदीला, कब्रस्तानालासुद्धा तारे देत सुटले आहेत. कब्रस्तानाला चार तारे देणाऱ्याने पाचवा का राखून ठेवला, हे विचारायची फार इच्छा आहे.

एक तारा देणाऱ्यांबाबत माझी कसोटी अधिक कडक आहे, कारण तिथे कोणाच्या तरी पोटाचा प्रश्न असतो. दोष कोणाचा आणि तारा कोणाचा कापला, हे मी बघतो. कुरिअरवाल्याने खोके आपटले, तर मिक्सर बनवणाऱ्याचा तारा जातो. बिर्याणी आणणारा मुलगा पावसात अडकला, तर खानावळवाला बदनाम होतो. पुस्तकाचे मुखपृष्ठ वाटेत दुमडले, तर लेखकाच्या पदरी एक तारा. अशा शेऱ्यांना मी अन्याय म्हणतो, मग ते कितीही खरे असोत.

फोटो असलेला शेरा चांगला, असे सर्रास सांगितले जाते. फोटोत वापराच्या खुणा असतील तर चांगला. नव्या कोऱ्या खोक्याचा फोटो म्हणजे वस्तू पोचल्याची पावती, त्याहून अधिक नाही. लंडनमध्ये २०१७ साली ऊबा बटलर नावाच्या पत्रकाराने आपल्या परसातल्या शेडचे एक रेस्टॉरंट म्हणून ट्रिपॲडव्हायजरवर नाव घातले. पूर्वी त्याने पैसे घेऊन खोटे शेरे लिहिले होते, त्यामुळे कसब अंगी होते. दाढीचा फेस वगैरे वापरून त्याने पदार्थांचे देखणे फोटो काढले, ओळखीच्यांकडून शेरे लिहवून घेतले. अठरा हजारांहून अधिक रेस्टॉरंटांच्या यादीत तळाशी असलेली ती शेड काही महिन्यांत लंडनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. तिथे एकही पान कधी वाढले गेले नव्हते, पण टेबल राखून ठेवण्यासाठी फोन घणघणत होते.

'खात्रीशीर खरेदीदार' ही चिठ्ठी शेऱ्याखाली असली की ग्राहक निश्चिंत होतो. ती चिठ्ठी एवढेच सांगते की वस्तू त्या खात्यावरून विकत घेतली गेली. पैसे शेवटी कोणाच्या खिशातून गेले हे ती सांगत नाही. ॲमेझॉनवरील शेऱ्यांच्या बाजाराचा एक मोठा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे दीड हजार वस्तूंचा माग काढलेला आहे. फेसबुकवरच्या गटांत विक्रेते गिऱ्हाईक गाठायचे, त्याला वस्तू रीतसर विकत घ्यायला लावायचे, पाच तारे पडले की किंमत परत करायची, कधी वर बक्षिसी. म्हणजे चिठ्ठी खरी, साक्ष विकाऊ. त्या अभ्यासाचा पुढचा निष्कर्ष मला अधिक बोलका वाटतो : विक्रेत्याने शेरे विकत घेणे थांबवले की एका ताऱ्याच्या शेऱ्यांचे प्रमाण वाढत जाते. फसलेले ग्राहक बोलू लागतात. आपल्याकडे हे काम खोक्यातल्या छोट्या कार्डाने होते. पाच तारे द्या, फोटो पाठवा, शंभर रुपये मिळवा. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या खोक्यांतून अशी कार्डे मी जमवली आहेत. ज्या वस्तूच्या खोक्यात असे कार्ड निघते, तिच्या पाच ताऱ्यांचे शेरे मी सरसकट सोडून देतो आणि फक्त तक्रारी वाचतो.

याहून नामी युक्ती जुने शेरे नव्या मालाला चिकटवण्याची. शेरे वाचताना आपण मिक्सर बघत असतो आणि खाली कोणी टॉर्चचे कौतुक करत असतो, असा अनुभव पुष्कळांना आला असेल. चांगले नाव झालेल्या वस्तूच्या पानावर दुसरीच वस्तू आणून बसवायची, म्हणजे तारे आयते मिळतात. अमेरिकेत २०२३ साली जीवनसत्त्वाच्या गोळ्या विकणाऱ्या बाउंटिफुल या कंपनीला अशाच प्रकरणात तेथील व्यापार आयोगाकडे सहा लाख डॉलर भरावे लागले.

आता थोडे आपल्या व्यापारी बांधवांशी बोलायचे आहे, आणि ते काहींना कडू लागेल.

आमच्या भागातल्या एका बेकरीवाल्यावर एका रात्रीत अकरा एकतारी शेरे पडले. एकातही शब्द नव्हता. लिहिणाऱ्यांपैकी एकही नाव त्याच्या ओळखीचे नव्हते. सकाळी तो पाव विकायचे सोडून मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. त्याचे घाबरणे मला अवास्तव वाटले नाही. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी २०११ साली सिअॅटल शहरातील रेस्टॉरंटांचा हिशेब मांडून दाखवले, की सरासरीत एक तारा वाढला तर उत्पन्न पाच ते नऊ टक्क्यांनी वाढते. हा परिणाम स्वतंत्र, एकट्या मालकाच्या ठिकाणांवर होतो. साखळी रेस्टॉरंटांवर होत नाही. मोठ्या नावाला लोक आधीच ओळखतात. अनोळखी गिऱ्हाइकाजवळ लहान माणसाची ओळख म्हणजे हे तारेच.

पण नाण्याची दुसरी बाजूही आहे. मेझलिन, डोव्हर आणि शेव्हालिए यांनी २०१४ साली दोन संकेतस्थळांची तुलना प्रसिद्ध केली. ट्रिपॲडव्हायजरवर कोणीही लिहू शकत होता; एक्सपीडियावर फक्त खोली घेतलेला गिऱ्हाईक. ज्या हॉटेलच्या शेजारी दुसरे हॉटेल, विशेषतः लहान मालकाचे, त्याच्यावर कोणीही लिहू शकणाऱ्या ठिकाणी वाईट शेरे जास्त दिसले. आणि स्वतंत्र मालकांच्या हॉटेलांवर स्तुतीही जास्त दिसली. अर्थ उघड आहे. ज्याला सर्वांत जास्त मार बसतो, तोच हात मारायलाही पुढे असतो. बेकरीवाल्याने त्याच दुपारी मला विचारले, की समोरच्याला उत्तर म्हणून आपणही पंधरावीस शेरे टाकले तर? महिन्याच्या बोलीवर शेरे पुरवणारे लोक त्याला फोन करून गेले होते. मी त्याला दोन कामे सांगितली. संकेतस्थळाकडे प्रत्येक शेऱ्याची तक्रार नोंदवायची, आणि प्रत्येकाखाली दोन सभ्य ओळी लिहायच्या की आपण कोणत्या दिवशी आलात, काय घेतले, कळवा, चूक असेल तर भरून देऊ. अकरांपैकी चार शेरे काढले गेले. सात अजून आहेत. पण आता नवा माणूस ते उघडतो तेव्हा सात मुके शेरे आणि खाली सात उत्तरे वाचतो.

कायद्याची माहितीही असावी. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० यांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्या मालाचा शेरा लिहिणे निषिद्ध आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात भारतीय मानक ब्युरोने आयएस १९००० हे मानक काढले. शेरा लिहिणाऱ्याची खातरजमा करावी, त्याचा मजकूर बदलू नये, विकत घेतलेले किंवा त्या कामासाठी नेमलेल्या माणसांनी लिहिलेले शेरे प्रसिद्ध करू नयेत, असे त्यात सांगितले आहे. मात्र ते ऐच्छिक म्हणून आले. सक्तीचे करण्याचा विचार ग्राहक व्यवहार खात्याने २०२४ साली बोलून दाखवला. अमेरिकेने खोट्या शेऱ्यांवर बंदी घालणारा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू केला, ब्रिटनने एप्रिल २०२५ पासून. फसलेल्या ग्राहकाला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवता येतो. पण ऐच्छिक मानकाच्या भरवशावर मिक्सर घेऊ नये, असे माझे मत आहे.

नव्या अडचणीविषयी लिहिल्याशिवाय विषय पुरा होत नाही. २०२२ च्या अखेरीस लिहिणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली. तोवर पेरलेला शेरा भाषेवरून थोडाफार हाती लागायचा : तेच वाक्य चार ठिकाणी, तीच चूक चार ठिकाणी. आता यंत्र मागाल तितके निरनिराळे शेरे, शुद्ध मराठीतसुद्धा, मिनिटात काढून देते, आणि सांगितले तर न्हाणीघराचे दारही घालते. त्यामुळे नीटनेटकी भाषा हा पुरावा राहिला नाही. दुसरीकडे मोठी संकेतस्थळे यंत्राकडून साऱ्या शेऱ्यांचा सारांश करवून वर छापू लागली आहेत. ग्राहकांना आवाज आवडला, काहींना टिकाऊपणाबद्दल शंका आहे, अशा थाटाचा. माझी तक्रार अशी की तालुक्यात कपलर न मिळालेली ती बाई या सारांशातून गळून पडते. मला तर तीच हवी असते. म्हणून सारांश ओलांडून मी खाली जातो, तारखेप्रमाणे लावलेले शेरे काढतो, एकाच आठवड्यात थवा उतरला आहे का ते बघतो, आणि लिहिणाऱ्याचे आधीचे शेरे उघडतो. ज्याने तीन वर्षांत नऊ शेरे लिहिले, त्यांत एखादा पंखा, एखादी चप्पल, एखादा दवाखाना, कुठे राग, कुठे समाधान, तो माणूस असण्याचा संभव बराच. ज्याने एका दिवसात चाळीस वस्तूंवर पाच तारे उधळले, त्याला मी ओळखत नाही आणि ओळख करून घेण्याची इच्छाही नाही.

माझा तो मिक्सरचा शेरा मी खोडला नाही. खाली तारीख घालून जोड दिली : पहिला मजकूर सात दिवसांच्या वापरावर लिहिला होता, तोही चटणीच्या, सुकी हळद-मिरची रोज दळणाऱ्यांनी हा मिक्सर घेऊ नये, घरातल्या दुसऱ्या मिक्सरचे वाइंडिंग दोन महिन्यांत जळाले. तारे पाचांवरून तीनांवर आणले. एक कमी का नाही, असे आपाने विचारले. चटणीसाठी तो अजूनही चांगला आहे, हे तिला सांगावे लागले.

आपाने पुढे दळायचे यंत्र हप्त्याने घेतले, आणि तिच्या मसाल्यालाही आता इंटरनेटवर शेरे पडू लागले. चौदा आहेत. तेरा पाच ताऱ्यांचे, एक तीनचा. पुण्याच्या कोणा बाईंनी लिहिले आहे की चव उत्तम, पण मुलांना फार तिखट झाले. आपाचा मुलगा म्हणाला, "मामू, घरातल्या घरात वीस शेरे होतील, तो तीनवाला खाली जाईल." मी त्याला ॲमेझॉनच्या कॅनडातील संकेतस्थळाची गोष्ट सांगितली. २००४ साली तिथे तांत्रिक चुकीने टोपणनावांमागची खरी नावे काही दिवस उघडी पडली, आणि स्वतःच्या पुस्तकाला स्वतःच तारे देणारे लेखक जगाला दिसले. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या २०१७ च्या पाहणीचीही गोष्ट सांगितली : लोक सर्वांत जास्त खरेदी करतात ती चार ते चार पूर्णांक सात ताऱ्यांच्या मधल्या वस्तूंची, पाचाच्या जवळ गेले की संशय येतो. पोराला पहिली गोष्ट पटली नाही, दुसरी पटली.

आपाला दोन्हींचे काही नव्हते. ती तो तीन ताऱ्यांचा शेरा पुन्हा पुन्हा वाचत होती. मग तिने मला विचारले, की उत्तर कुठे लिहायचे ते दाखव. कमी तिखटाचे वेगळे पाकीट पुढच्या महिन्यापासून निघणार आहे.